तातेरावांचं विमान, धर्मराजांचा आहेर

नियमानं वागणाऱ्या माणसाच्या शेजारी राहणं ही काय शिक्षा असते, ते मला विचारा. आष्टीत आमची आणि तातेरावांची भिंत एक आहे. आपल्या नळाची तोटी घट्ट बंद करून हा माणूस आमच्या दारात येतो आणि म्हणतो, "बाई, तुमची तोटी गळू राह्यली. बघा जरा." मी इथल्या शाळेत शिक्षिका. दिवसभर मी पोरांना शिस्त लावते आणि संध्याकाळी घरी आले की हे मला लावतात.

तातेराव वीज खात्यात वायरमन होते. सगळी नोकरी परतूर आणि घनसावंगी तालुक्यांतल्या खांबांवर गेली. खांबावर चढण्याआधी सबस्टेशनातून लाइन बंद करून घ्यायची, तसं परमिट हातात घ्यायचं आणि मगच पहिला पाय उचलायचा, ही त्या कामाची रीत. अंगद नावाचा त्यांचा जोडीदार एकदा "एवढ्याशा कामाला कसलं परमिट" म्हणून तसाच चढला. तो जिवंत खाली आला नाही. तेव्हापासून तातेरावांच्या लेखी नियम म्हणजे नियम. त्यात मोठा नियम, छोटा नियम असा भेद नाही. ते बौद्ध आहेत, देवबिव मानत नाहीत. दुसरी माणसं जेवढा विश्वास देवावर टाकतात तेवढा यांनी सगळा नियमांवर टाकला आहे, असं मी त्यांच्या तोंडावर म्हणते. ते हसतात आणि पुन्हा तोटीकडे बघतात.

अशा माणसाला त्यांच्या मुलानं, राजानंदनं, पुण्याहून ड्रोन आणून दिला. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. वर चढायची सवय असलेला माणूस जमिनीवर बसून बसून किरकिरा झाला होता. राजानंद मला म्हणाला, "मावशी, पप्पांना खांबावर चढता येत नाही, निदान नजर तरी वर जाऊ दे." तातेराव त्याला ड्रोन म्हणत नाहीत. विमान म्हणतात. त्यांच्या पत्नी गिरिजाबाई त्याच्या भुणभुणीवरून त्याला भिंगोटी म्हणतात.

दुसरं कुणी असतं तर डबा उघडून त्याच दिवशी गावावर घिरट्या घातल्या असत्या. तातेरावांनी डबा उघडला नाही. आधी कायदा काय म्हणतो ते राजानंदकडून फोनवर ऐकून घेतलं, मग स्वतः वाचलं, मग शेजारधर्म म्हणून मलाही ऐकवलं. त्यामुळे विमान उडवण्याचे नियम मला आता शाळेच्या परिपत्रकांपेक्षा जास्त पाठ आहेत. त्याला गाडीसारखा सरकारी नंबर घ्यायचा आणि तो अंगावर चिकटवायचा. विमा काढायचा. सरकारच्या नकाशात आपली जागा हिरवी आहे, पिवळी आहे की लाल, ते दर वेळी बघायचं. हिरव्यात चारशे फुटांपर्यंत खुशाल उडवा, पिवळ्यात विचारून, लाल भागाचं नावच काढू नका. आष्टी हिरवी. पण एखादा मोठा पुढारी यायचा असला की पोलिस तात्पुरती लाल करू शकतात, म्हणून काल हिरवं होतं ते आज हिरवंच असेल असं धरायचं नाही. विमान नजरेच्या टप्प्यात ठेवायचं. माणसांच्या गर्दीवरून न्यायचं नाही.

"आणि परवाना?" मी विचारलं होतं.

"आपलं विमान पाव किलोच्या वर हाय, दोन किलोच्या आत हाय," तातेराव म्हणाले होते. "हौसेखातर उडवलं तर परवाना लागत न्हाई. कमाईसाठी उडवलं तर लागतो."

"मग घेऊन टाका ना. लग्नात हजारो रुपये घेतात लोक."

"पासष्टच्या पुढं परवाना देत न्हाईत, बाई. मी पासष्ट कवाच ओलांडली. मला हौशीच राह्यलं पायजे."

हे त्यांनी इतक्या समाधानानं सांगितलं, की मला वाटलं, सरकारनं यांना हौशी असल्याचा मानच दिला आहे.

पहिले काही महिने तर ते उडवण्याआधी परतूरच्या ठाण्यात फोन करून कळवायचे. शेवटी तिथल्या हवालदारानं हात टेकले. "काका, हिरव्यात हाय ना? मंग उडवा बिनधास्त. पण रोज फोन नका करू, आमाला दुसरीबी कामं हायत." मध्यंतरी आपल्याकडे रात्रीच्या ड्रोनची आवई उठली होती. चोर वरून घरं हेरतात म्हणे. तेव्हा काठ्या घेतलेली चार माणसं तातेरावांच्या दारातही आली होती. त्यांनी सगळ्यांना चहा पाजला, विमानावरचा नंबर दाखवला आणि अंधार पडल्यावर आपण ते उडवत नाही हे इतकं सविस्तर समजावलं, की माणसं चोराला विसरून जांभया देत घरी गेली.

तर असे तातेराव. आणि अशा माणसाचं आयुष्यातलं सगळ्यात मोठं भांडण टॉवेल-टोपीवरून झालं.

ज्यांच्याशी झालं ते धर्मराज. घनसावंगीच्या खालच्या अंगाला गोदावरीकाठच्या एका गावात त्यांची शेती आहे, ऊस आणि कापूस. तातेराव नोकरीत नवे असताना त्या भागात होते आणि लाइन दुरुस्त करता करता मुक्काम धर्मराजांच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरी, पडायचा. पहिल्या दिवशी धर्मराजांच्या आईनं वायरमनचं ताट बाहेर ओट्यावर वाढलं. तो काळच तसा होता. धर्मराजांनी आपलं ताट उचललं आणि बाहेर येऊन शेजारी बसले. दुसऱ्या दिवशीही तसंच. मग आईच म्हणाली, "दोघंबी आत या, मला सारखं बाहीर येणं होत न्हाई." तेव्हापासून ही जोडी. भेटले की धर्मराज म्हणायचे, "जयभीम, वायरमन!" आणि तातेराव म्हणायचे, "रामराम, मालक!" दोघांनी एकमेकांचा नमस्कार उचलला होता आणि कुणी हसलं तर दोघांनाही त्याचं काही वाटत नसे. रोज सकाळी चहाच्या वेळेला धर्मराजांचा फोन यायचा. बोलणं काय, तर तुमच्याकडे लाइट आहे का, आमच्याकडे नाही.

धर्मराजांची धाकटी लेक आकांक्षा. लहानपणी ती तातेरावांच्या सायकलच्या नळीवर बसून सगळ्या खांबांना नावं द्यायची. तिचं लग्न ठरलं तेव्हा तिनं स्वतः फोन केला. "तातेकाका, माझ्या लग्नात विमान आणायचं बरं का. दुसऱ्या कुणाचं न्हाई, तुमचंच."

तातेरावांना आभाळ ठेंगणं झालं. लग्न वैशाखात, शेतातच मांडव. त्यांनी नकाशा पाहिला, हिरवा. वारा पाहिला. आणि आकांक्षाला आपल्या अटी सांगितल्या. माणसं जमायच्या आधी सकाळी उडवणार, मांडवाच्या वरून नाही तर बाजूच्या मोकळ्या शेतावरून, आणि वऱ्हाड दिसलं की खाली. ती म्हणाली, "काका, लग्न माझं आणि अटी तुमच्या!" पण तिनं सगळ्या मानल्या.

मीही लग्नाला होते. गिरिजाबाईंनी मला ओढून नेलं होतं. सकाळच्या कोवळ्या उन्हात विमान वर गेलं आणि आम्ही सगळ्या बायका तातेरावांच्या खांद्यावरून त्या छोट्या पडद्यात डोकावत होतो. हिरवा ऊस, मधोमध तांबडा-पिवळा मांडव, पलीकडे गोदावरीची चकाकती कड. आकांक्षा हळदीच्या अंगानं धावत आली आणि मांडवासमोर उभी राहून वर बघत हात हलवू लागली. धर्मराज तिच्या शेजारी येऊन उभे राहिले, पण विमान कुठे आहे ते त्यांना सापडेना, ते भलतीकडेच हात हलवत होते. आम्ही पोट धरधरून हसलो. मग रस्त्यावर वऱ्हाडाची धूळ दिसली, आणि तातेरावांनी विमान उतरवून पिशवीत ठेवलं. पोरांनी किती विनवण्या केल्या, पण पिशवीची चेन काही उघडली नाही.

अक्षता पडल्या, पंगती उठल्या आणि आहेराचा कार्यक्रम सुरू झाला. ज्यांना तो माहीत आहे त्यांना सांगायला नको, पण सांगते. माईकवर गावातला एखादा बोलका माणूस उभा राहतो आणि एकेकाचं नाव पुकारतो. आधी सोयरे. मामा, आत्या, चुलते, साडू. ज्याचं नाव येईल त्यानं पुढे यायचं, डोक्यावर टोपी, खांद्यावर टॉवेल, हातात नारळ घ्यायचा. सोयरे संपले की कामाची माणसं. माईकवर सोमेश्वर होता. सोयऱ्यांची नावं संपली. मग त्यानं बँडवाल्यांना बोलावलं, आचाऱ्याला बोलावलं, मंडपवाल्याला बोलावलं.

"आणि आता," सोमेश्वर म्हणाला, "आपल्या लग्नाचं आकर्षण! ड्रोनवाले तातेराव, आष्टीकर!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. तातेराव उठले. धर्मराज टोपी, टॉवेल, नारळ आणि वर एक पाकीट घेऊन हसत उभे होते. तातेराव त्यांच्यासमोर गेले, त्या पाकिटाकडे पाहिलं, आणि हात जोडले. "हे मला घेता येत न्हाई, धर्मराज."

धर्मराजांना वाटलं, संकोचतो आहे. त्यांनी टोपी पुढे केली. तातेरावांनी डोकं मागे घेतलं. पुन्हा म्हणाले, "न्हाई, मला घेता येत न्हाई." आणि मांडवातून बाहेर पडून सरळ पिशवीकडे चालत गेले.

आपल्याकडे आहेर परत करणं म्हणजे काय, ते सांगायला नको. तुमचा-आमचा संबंध संपला, असा त्याचा अर्थ. आणि ज्या घराण्यानं दिला ते वरच्या मानाचं आणि ज्यानं नाकारला तो बौद्ध, म्हटल्यावर तर मांडवातल्या माणसांनी अर्थ लावायला क्षणही दवडला नाही. माझ्या मागची बाई म्हणाली, "ह्यायला आपल्या हातचं चालत न्हाई आता." दुसरी म्हणाली, "पाकीट पातळ असंल." धर्मराजांचं तोंड उतरलं होतं. हातातली टोपी कुठे ठेवावी हे त्यांना कळत नव्हतं. मला तातेरावांचा असा राग आला, की तिथेच जाऊन दोन शब्द सुनवावेत.

ते मी परतीच्या जीपमध्ये सुनवले. "भाऊ, काय केलंत हे?"

"कायद्यात बसत न्हाई, बाई. विमान उडवून काही घेतलं की ती कमाई झाली. कमाई झाली की परवाना पायजे. मला तर तो मिळतच न्हाई."

"अहो, टॉवेल-टोपी म्हणजे कमाई?"

"पाकीट होतं वर. सगळ्या मांडवासमोर."

"मग तसं बोलून दाखवायचं होतं तिथे!"

"लेकीच्या मांडवात कायदा सांगत बसू? शुभ काम चालू हाय."

गिरिजाबाई पुढे वाकल्या. म्हणाल्या, "खरं सांगा. पाकीट काढून ठेवलं असतं तर घेतला असता का?"

तातेरावांनी मांडीवरची पिशवी घट्ट धरली. जीप खड्ड्यांतून हेलकावत होती. मग म्हणाले, "बँडवाला झाला, आचारी झाला, मंडपवाला झाला, मंग मी. बँडवाला वाईट न्हाई. त्याला ठरवून आणला व्हता. मला कुणी ठरवून आणलं न्हवतं. मी काका म्हणून गेल्तो."

त्यांचा आवाज इतका दुखावलेला होता, की माझा राग खाली बसला.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेला फोन वाजला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. तातेराव फोन समोर ठेवून चहा प्यायचे आणि तो वाजला नाही की कप घासायला घ्यायचे. विमान कपाटात गेलं. मी विचारलं तर म्हणाले, वारा आहे. वारा कुठला, कडुलिंबाचं पानही हलत नव्हतं. कुठल्याशा ड्रोन शिकवणाऱ्या संस्थेत त्यांनी फोन लावला आणि आहेर म्हणजे कमाई का, असं विचारलं. तिथली मुलगी आधी हसली, मग म्हणाली, असं कुणी विचारलेलं नाही, मी सरांना विचारून सांगते. सरांनी काही सांगितलं नाही.

एक दिवस संध्याकाळी ते आमच्या ओट्यावर येऊन बसले. तोटीकडे पाहिलंसुद्धा नाही, तेव्हाच मी ओळखलं, प्रकरण हाताबाहेर गेलं आहे.

"बाई, राजानंदला सांगून विमान इकून टाकतो."

"का?"

"विमान न्हाई म्हणल्यावर नियम न्हाई. मंग जातो आन् धर्मराजला म्हणतो, दे तुझी टोपी. आता या वयात दुसरा दोस्त कुठून आणू?"

मला भडभडून आलं. आणि लगेच संतापही आला, दोघांचाही. एक नियमाचा धनी, दुसरा मानाचा धनी, आणि मधे ते बिचारं विमान. मी म्हणाले, "काही विकायचं नाही. थांबा जरा." रविवारी मी घनसावंगीची बस धरली आणि तिथून जीपनं धर्मराजांचं गाव गाठलं. जाताना वाटेत सगळं भाषण तयार केलं होतं. वर्गात करते तसं.

धर्मराज उसाला पाणी देत होते. मला बघून त्यांनी बायकोला चहा ठेवायला सांगितला, पण बोलले ते फटकूनच. "त्यानं पाठवलं का?"

"त्यांना माहीतही नाही," मी म्हणाले आणि नियमाची सगळी कथा सांगितली. परवाना, पासष्ट वर्षं, हौस आणि कमाई.

धर्मराज ऐकत राहिले. मग त्यांना हसू फुटलं. "आयला! आहेराला कायदा? ह्यो माणूस पह्यल्यापासून असाच हाय. एकदा आमच्या डीपीवर नुसता कावळा बसला व्हता, तर ह्यानं परमिट घेतलं." आणि हसता हसता त्यांचा चेहरा पुन्हा बदलला. "मंग मला बाजूला घेऊन सांगायचं. मी काय परका हाय?"

"ते मी त्यांना विचारलं," मी म्हणाले. "आता तुम्हाला विचारते. ते परके नव्हते, तर त्यांचं नाव आचाऱ्यानंतर का आलं?"

"सोमेश्वरनं घेतलं."

"सोमेश्वरला नावं कुणी सांगितली?"

धर्मराजांनी पाण्याचं दार दुसऱ्या सरीकडे वळवलं. मातीचा एक गोळा टाकला, पायानं दाबला. मी गप्प राहिले. वर्गात हीच युक्ती मी वापरते, आणि ती कधी फसत नाही.

"मीच सांगितली," ते शेवटी म्हणाले. "त्याचा मान तर करायचाच व्हता. पण सोयऱ्यांत त्याचं नाव कसं घालायचं, बाई? व्याह्यांच्या माणसांनी इचारलं असतं, ह्यो कोण, कुठला. मला वाटलं, कामाच्या माणसांत शेवटी घेऊ, टाळ्याबी वाजतील. पाकीट घातलं, म्हणजे दुसऱ्यांपेक्षा जास्तीचा मान झाला. माझ्या आईच्या टायमाला मी ताट घेऊन बाहीर आल्तो. आता माझ्या हातात सगळं असून मी त्यालाच बाहीर बसवलं." त्यांचे डोळे भरले आणि त्यांनी ते लपवले नाहीत. माझं वाटेत तयार केलेलं भाषण तसंच राहिलं. त्यातलं एकही वाक्य यापेक्षा बरं नव्हतं.

माफी मागायला आपल्याकडच्या माणसांना कधी जमलं आहे? धर्मराजांनाही जमलं नाही. पुढे पंधरा-वीस दिवस फोन आला नाही आणि मी त्यांना मनातल्या मनात शिव्या देत होते. श्रावण लागला. पंचमी जवळ आली. आणि एका सकाळी, चहाच्या वेळेला, भिंतीपलीकडे फोन वाजला. मी भाजी चिरायची थांबले. भिंतीला कान लावला, असं म्हणायलाही हरकत नाही.

पंचमीला सासरहून लेकीला आणायला माहेरचा माणूस जातो, त्याला मुराळी म्हणतात. भाऊ जातो, नाहीतर चुलता. आकांक्षाला सख्खा भाऊ नाही, पण चुलते दोन आहेत, धडधाकट आहेत, आणि दोघांकडेही मोटारसायकल आहे.

"पोरीला आणायचं हाय परतूरहून," धर्मराज म्हणाले म्हणे. "पह्यली पंचमी हाय. मुराळी म्हणून तू जा."

तातेराव म्हणाले, "चुलते हायत की तिचे."

"हायत. मी तुला सांगून राह्यलो."

"तिथली माणसं इचारतील, ह्यो कोण म्हणून."

"इचारू दे," धर्मराज म्हणाले. "इचारण्यासाठीच पाठवून राह्यलो."

परतूरला मीही गेले. मला बाजार करायचा होता, असं मी सांगितलं, आणि कुणाचाही त्यावर विश्वास बसला नाही. तातेरावांनी पांढरा सदरा घातला होता. विमान घरीच होतं. ते बसमध्ये मला विचारत होते, मुराळ्यानं आधी काय म्हणायचं, नारळ कुणाच्या हातात द्यायचा, जेवायला बसताना पाटावर कुठल्या बाजूला. या माणसाला मुराळीपणाचेही नियम हवे होते. मी म्हणाले, "भाऊ, नुसतं जायचं आणि लेकीला घेऊन यायचं. एवढाच नियम."

आकांक्षाचं सासर बाजारपेठेच्या मागे, दुमजली घर. सासरे बाहेर खुर्चीवर होते. त्यांनी या-बसा केलं, पाणी दिलं, पण डोळ्यांत प्रश्न होता. मुराळी म्हणून त्यांनी वेगळा माणूस धरला होता. तेवढ्यात सासूबाई आतून आल्या, तातेरावांकडे निरखून पाहिलं आणि एकदम ओळख पटल्यासारख्या म्हणाल्या, "अगंबाई! तुमी लग्नातले ड्रोनवाले ना?"

तातेराव खोटं बोलत नाहीत. विमान त्यांनीच उडवलं होतं. हातातला नारळ त्यांनी मांडीवर घेतला. मला त्या क्षणी धर्मराज, सोमेश्वर, सगळ्यांना मारावंसं वाटलं.

आकांक्षा पुरणाचे हात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आली. "न्हाई, आई," ती म्हणाली. "ड्रोन ते हौसेनं उडवतात. ते माझे तातेकाका हायत. मला न्यायला आलेत."

इतकं साधं बोलली ती. पण तातेरावांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसायला सुरुवात केली आणि तो चष्मा काही लवकर पुसून होईना. सासूबाईंनी एकदा तिच्याकडे, एकदा तातेरावांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "हो का? मंग हात-पाय धुवा, काका. पुरणपोळी गरम हाय, उशीर कशाला." आणि सासऱ्यांनी खुर्ची पुढे ओढली. बाकी कुणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तरी उत्तर तेच होतं.

निघताना सासऱ्यांनी मुराळ्याची टोपी आणि शर्टाचं कापड आणलं. तातेरावांनी मान खाली वाकवली आणि टोपी घालून घेतली. वाकडी बसली होती. त्यांनी ती नीट केली नाही.

धर्मराज घनसावंगीच्या स्टँडवर येऊन थांबले होते. आम्ही उतरलो. लेक बापाच्या गळ्यात पडली, मग त्यांनी तिच्या खांद्यावरून तातेरावांकडे पाहिलं. टोपीकडे पाहिलं.

"जयभीम, वायरमन," ते म्हणाले. आवाज ओला होता, पण चेष्टा सुटली नव्हती. "हा आहेर बरा घेतलास. ह्याला परवाना लागत न्हाई का?"

"मुराळ्याला कसला परवाना, मालक?" तातेराव म्हणाले.

धर्मराज पुढे आले. त्यांनी तातेरावांची वाकडी टोपी दोन्ही हातांनी धरून सरळ केली, अगदी सावकाश. "त्या दिवशी तुझं नाव मी चुकीच्या जागी घेतलं," ते म्हणाले. स्टँडवर गर्दी होती, ओळखीची माणसं होती, आणि ते हळू बोलले नाहीत.